गुरुपौर्णिमेचं मनोगत

मी नेमकं काय काम करते हे आमच्या परतूरमध्ये कुणालाच धड सांगता येत नाही. शेजारच्या काकू सांगतात, "पोरगी कम्प्युटरवर फॉरेनचं काहीतरी करून राह्यली." आई म्हणते, बँकेत आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. ते एकटे बरोबर सांगतात, पण एवढं लांबण लावतात की ऐकणारा मध्येच पाय काढता घेतो.

काम असं आहे. हिंद महासागरात एक लहानसं बेट आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथे माणसंच एवढी थोडी की नाव लिहिलं तर कोण कोण ते लगेच ओळखू येईल. त्या बेटावर ऊस आहे, समुद्र बघायला येणारे पाहुणे आहेत, आणि तिसरा धंदा आहे तो परदेशातल्या श्रीमंतांच्या पैशांचा. पैसा एका देशातून निघतो, या बेटावर कागदोपत्री थांबतो आणि तिसऱ्याच देशात गुंतवला जातो. तो कुणाचा, सांगतात त्याचाच का, तो माणूस राहतो कुठे, हे सगळं तपासायला ढीगभर कागद लागतात. ते कागद तपासायला तिथल्या ऑफिसांमध्ये मजलेच्या मजले भरून माणसं बसायची. पुढे मालक लोकांच्या लक्षात आलं की तपासणारा बेटावरच बसला पाहिजे असं काही नाही. परतूरला, धान्याच्या मोंढ्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर इन्व्हर्टर लावून बसला तरी चालतंय, आणि स्वस्तही पडतंय. ती बसलेली बाई म्हणजे मी.

त्याआधी चार वर्षं मी कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉमर्स शिकवत होते. पगार वर्षातून एकदा यायचा, तोही प्राचार्यांच्या केबिनबाहेर चपला झिजवल्यावर. म्हणून पुण्याच्या कंपनीनं घरी बसून करायचं काम दिलं तेव्हा मी काही विचारलं नाही. माझ्या खुर्चीवर आधी कोण बसत होतं, हा प्रश्न तर डोक्यातही आला नाही. आपल्याकडे नोकरी मिळाल्यावर असले प्रश्न विचारायची पद्धत नाही.

मला शिकवायला कंपनीनं बेटावरची एक बाई दिली. एक्कावन्न वर्षांची, बारीक, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. पंचवीस वर्षं तेच टेबल सांभाळत होती. पहिल्या दिवशी स्क्रीनवर माझं आडनाव वाचलं आणि इंग्रजी सोडून एकदम म्हणाली, "तू मराठी?" तिचे पणजोबा आपल्याकडून बोटीत बसून ऊस तोडायला गेले होते. गाव कुठलं ते घरात कुणाला ठाऊक नाही. आई अजून गणपतीत सगळ्या आरत्या म्हणते, पण निम्म्या शब्दांचा अर्थ तिलाही लागत नाही, असं तिनं सांगितलं. मी त्याच दिवशी तिला ताई म्हणायला लागले.

तिथली घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास मागे. माझे साडेदहा वाजले की तिचे नऊ. काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं मी तिला मराठी शिकवायचे आणि मग दिवसभर ती मला कागद शिकवायची. महिन्याभरात ती "मंग" म्हणायला लागली, "न्हाई" म्हणायला लागली. एकदा तर कॅमेरा लावल्या लावल्या तिनं विचारलं, "काय करून राह्यली तू?" अण्णा मागे पेपर वाचत होते, ते कळवळले. "अगं, प्रमाण भाषा शिकीव की त्यांला! सातासमुद्रापार परतूर कशाला पोचवून राह्यली?" ताईला त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ती इतकी हसली की तिच्या शेजारची माणसं उठून बघायला आली. तेव्हा तिच्या शेजारी माणसं होती.

कागद शिकवण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती म्हणायची, कागद आधी वाचायचा नाही, नुसता बघायचा. एका गिऱ्हाइकानं पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल पाठवलं होतं. नाव बरोबर, पत्ता बरोबर, तारीख बरोबर. मी पास करून टाकलं. ताई म्हणाली, "याला घडी कुठे आहे?" पोस्टानं पाकिटातून आलेल्या बिलावर घडीची खूण असतेच. हे बिल घरीच कुणीतरी छापलेलं निघालं. मी तहसीलच्या झेरॉक्सा काढत लहानाची मोठी झालेली, मला वाटायचं कागदातलं मला कळतं. त्या दिवशी माझी शेखी उतरली. पुढे वर्षभर मी तिला दिवसातून वीस वेळा विचारत राहिले आणि तिनं एकदाही कपाळाला आठी घातली नाही.

तिच्या घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई ऐंशीच्या पुढची, अंथरुणाला टेकलेली. दिवसा सांभाळायला एक बाई ठेवली होती आणि औषधपाणी ऑफिसच्या विम्यातून चालायचं. ताईनं हे रडगाणं म्हणून कधी सांगितलं नाही. बोलता बोलता कळत गेलं.

दुसऱ्या वर्षी तिच्या मागचं दृश्य बदलायला लागलं. कॅमेऱ्यात तिच्या पाठीमागे टेबलांची रांग दिसायची, त्यातली टेबलं रिकामी होत गेली. आधी खालच्या मजल्यावरची कंपनी गेली, मग समोरची. देशादेशांमधले नियम बदलले होते, पैशाला त्या बेटावर थांबण्यात पूर्वीसारखा फायदा राहिला नव्हता. जे काम उरलं होतं ते आमच्यासारख्यांकडे येत होतं. जेवणाचे डबे देणारा माणूस परवडत नाही म्हणून यायचा बंद झाला, असं एकदा ती सहज म्हणाली. मी विचारलं, "ताई, तुमचं काय?" ती म्हणाली, "बेट लहान आहे. सगळी ऑफिसं हेच काम करतात. इथून गेलं तर दुसरीकडे कोण घेणार? माझ्या वयाला तर बिलकुल न्हाई."

तिची नोकरी गेली तर काय काय जाईल, हे मला त्या दिवसापासून पक्कं माहीत होतं. पुढचं जे झालं ते अजाणता झालं असं म्हणायला मला जागा नाही.

जुलै आला. गुरुपौर्णिमा आमच्या साप्ताहिक मीटिंगच्याच दिवशी होती. त्या मीटिंगला परदेशात बसणारे मोठे साहेब असायचे, पुण्याच्या आमच्या मॅडम असायच्या आणि बेटावरची उरलेली माणसं. माझ्या मनात आलं, शाळेत करायचो तसं आपण चार शब्द बोलावेत. ताईंनी किती केलंय ते साहेबांच्या कानावर घालावं. कपातीची कुणकुण होतीच. साहेबांना कळलं की ही बाई किती मोलाची आहे, तर तिला हात लावणार नाहीत, असा माझा हिशेब.

अण्णांना मनोगताचा कागद दाखवला. तीस वर्षं पोरांकडून मनोगतं पाठ करून घेतलेला माणूस. त्यांनी माझ्या पहिल्या दोन ओळींवर काट मारली. "त्या लई हुशार, लई प्रेमळ, असं कोन बी म्हंतंय. गुरूचं मोठेपन शिष्याच्या तयारीवरून दाखवायचं असतंय. तू काय व्हती अन् त्यांच्यामुळं काय झाली, ते सांग. जरा वाढवून सांग. मनोगतात चालतंय." आपल्याकडे खरंच चालतं. निरोप समारंभात वर्गातला शेवटच्या बाकावरचा पोरगासुद्धा सांगतो की सरांमुळे मी घडलो, आणि कुणी त्याची गुणपत्रिका मागत नाही.

तर मी वाढवून सांगितलं. इंग्रजीतून, पण आमच्याच थाटात. म्हणाले, दोन वर्षांपूर्वी मला साधं वीजबिल ओळखता येत नव्हतं. मी दिवसाला वीस वेळा विचारायचे. आज ताईंनी मला असं तयार केलंय की गेल्या महिन्याभरात मला त्यांना एकदाही काही विचारावं लागलं नाही. कसलाही कागद येऊ दे, मी एकटी निकाली काढते. हे सगळं श्रेय त्यांचं.

त्याच दिवशी सकाळी मी तिला तीनदा विचारलं होतं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनंही वाजवल्या, पण हळू, आणि तिची नजर कॅमेऱ्यावर नव्हती. साहेबांनी खूश होऊन एकच प्रश्न विचारला, म्हणजे आता हे टेबल तू स्वतंत्रपणे सांभाळू शकतेस? मी भरात होते. नको म्हटलं तर गुरूचाच अपमान. मी म्हणाले, नक्कीच. मीटिंग संपल्यावर अण्णा दारातून म्हणाले, "झकास झालं." मलाही तसंच वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात बेटावर कपातीची यादी लागली. ताईचं नाव तिच्यात होतं. तिथल्या कायद्याप्रमाणे माणसाला कारण लेखी द्यावं लागतं आणि हरकत घ्यायला दोन आठवडे मिळतात. ताईनं मला फोन करून ते कारण वाचून दाखवलं. पत्रात लिहिलं होतं की भारतातील सहकारी हे काम पूर्णपणे स्वतंत्रपणे सांभाळत असल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं असून त्यांना मार्गदर्शनाची गरज उरलेली नाही. मी म्हणाले, ताई, मी तुम्हाला वाचवायला बोलले हो. ती म्हणाली, "माहीत आहे मला."

मग तिनं पुढचं सांगितलं, अगदी शांतपणे, कागद समजावून सांगायची तशी. "तू साहेबांना मेल लिही. लिही की ते मी कौतुकानं बोलले, खरं तसं न्हाई. मी एकटी करू शकत न्हाई. मी अजून रोज विचारते. एवढं लिहिलंस तर माझ्या हरकतीला आधार मिळेल. मंग निदान हे वर्ष तरी ठेवतील. शुक्रवारी आमचे पाच वाजेपर्यंत गेलं पाहिजे." मी म्हणाले, लिहिते. आजच लिहिते.

आणि लिहिलं. खोटं कशाला सांगू, मेल लिहायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सगळं खरंच तर होतं. पाठवायचं तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मॅडमचा फोन आला. गोड बाई, आवाज कधी चढत नाही. म्हणाल्या, साहेब तुझ्यावर फार खूश आहेत, पण सांभाळून हं. तू एकटी पुरी पडत नाहीस असं दिसलं तर ते हे टेबलच दुसऱ्या शहरात हलवतील, तिथे माणसं तयार आहेत. त्यांना काही कळलं होतं का, का सहज बोलल्या, हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

रात्रीची भाकरी करताना घरात बोलणं काढलं. अण्णा लगेच म्हणाले, "पाठवून टाक. खरं हाय ना ते? चूक माझी बी हाय, मीच वाढवून सांगाय लावलं. आपल्या तोंडानं गेलं, आपल्याच तोंडानं दुरुस्त करायचं." आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "अन् हिची गेली मंग? परत त्या कॉलेजच्या पायऱ्या झिजवाव्या का हिनं? त्या बाईचं वाईट झालं, मान्य हाय. पन आपल्या लेकराचं काय?" अण्णांनी ताट पुढे ओढलं.

मला आईचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला अजून शरम वाटते. माझ्या मनातलं दुसऱ्याच कुणीतरी बोलून दाखवलं होतं, एवढंच.

शुक्रवारी दुपारी लाईट गेली. हे मी सबब म्हणून सांगत नाही. इन्व्हर्टर चालू होता, मोबाईल भरलेला होता, मेल तयार होता, बोट टेकवायचं बाकी होतं. मी पाच वाजता काम बंद केलं आणि आईला म्हणाले, ज्वारी दे, दळून आणते. आईनं माझ्याकडे जरा बघितलं. घरात पीठ होतं.

लाईट नव्हती म्हणून गिरणीही बंद होती. बायका डबे ओळीत ठेवून पायरीवर बसल्या होत्या. मीही बसले. त्यांच्या गप्पा चालल्या होत्या, कुणाच्या सुनेच्या, कुणाच्या गुडघ्याच्या. लाईट आली, गिरणी सुरू झाली. माझा नंबर आला तेव्हा मागच्या बाईला मी म्हणाले, "तुम्ही घ्या आधी, मला जल्दी न्हाई." तिच्या मागचीलाही तेच म्हणाले. ती म्हणाली, "लई चांगली हाय गं तू, बाई." भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा वाजले, म्हणजे तिथले पाच. पिठाच्या त्या धुरळ्यात मी आणखी थोडा वेळ उभी राहिले आणि मग डबा पुढे केला.

घरी आले तर अण्णा गॅलरीत बसले होते. "पाठवलं का?" मी म्हणाले, "न्हाई." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि उठून आत गेले. त्यानंतर त्यांनी मला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, पण आमच्या अण्णांनी कधी कुणाला मारलं नाही.

सोमवारी ताईनं विचारलं, "लिहिलंस?"

मी म्हणाले, "लिहिलं, ताई." त्यात खोटं नव्हतं म्हणून मी लगेच पुढचं खोटं बोलले. "साहेब म्हणाले, निर्णय झालेला आहे."

मग तीच मला समजवायला लागली. म्हणाली, "रडू नको. तू तुझी नोकरी धोक्यात घातलीस माझ्यासाठी. कोण करतं एवढं? इथे पंचवीस वर्षं शेजारी बसलेली माणसं माझ्यासाठी दोन ओळी लिहायला तयार न्हाई झाली." मी रडत होते हे खरं होतं. ते रडणं कशासाठी असं ती समजली, ते वेगळं.

उरलेला महिनाभर तिनं मला राहिलेलं सगळं शिकवलं. कुठल्या देशाचा शिक्का कसा उमटतो, कुठल्या वकिलाची सही कधीच सारखी येत नाही, कुठल्या बँकेच्या पत्राची भाषा बदलली की शंका घ्यायची. मी वहीत उतरवून घेतलं. शेवटच्या दिवशी तिच्या मागे एकही माणूस नव्हता. तिनं चष्म्याची साखळी नीट केली, "चल, येते मी," म्हणाली आणि स्क्रीन काळी झाली. "जाते म्हणू नये, येते म्हणावं," हे मीच तिला शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी नेहमीसारखी कॅमेऱ्यासमोर बसले आणि कागद उघडला.

त्यानंतर ती अधूनमधून फोन करायची. आधी अर्ज करत होती. मग म्हणाली, एका हॉटेलात चादरी आणि टॉवेल मोजून धोब्याकडे द्यायचं काम मिळालंय, पहाटे पाचला निघावं लागतं. आईला सांभाळणारी बाई बंद केली. आता ती जाताना आईच्या उशाशी पाणी आणि बिस्किटं ठेवून दाराला बाहेरून कडी लावून जाते. हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मी म्हणाले, ताई, काही लागलं तर सांगा. असं म्हणायचं असतं म्हणून म्हणाले.

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. घरात आम्ही तिघेही होतो. आई फराळाची ताटं भरत होती, अण्णा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. ताई म्हणाली, "थांब, आईला तुला बघायचं आहे. मी तिला सगळं सांगितलं आहे." आणि तिनं फोन आईच्या तोंडासमोर धरला.

म्हातारीचा चेहरा पार सुकलेला होता. ती आमची मराठी बोलत नव्हती. शब्द जुने, हेल वेगळा, एकेक शब्द शोधून काढलेला. पण कळत सगळं होतं. म्हणाली, "लेकी, तू माझ्या पोरीसाठी साहेबाला लिहिलेस. इतक्या लांब राहून लिहिलेस. आमचे कोणी नाही तिकडे. तू आहेस." तिचा हात कॅमेऱ्याकडे यायला लागला आणि सगळी स्क्रीन तळव्यानं भरून गेली. मागून ताईचा आवाज आला, "ती तुला आशीर्वाद देते आहे. डोकं पुढे कर."

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. अण्णा उठले आणि गॅलरीत निघून गेले.

मी पदर डोक्यावर घेतला आणि फोनसमोर वाकले.